इंग्रजी शब्द : पाठ करू नका, कामाला लावा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीचा शब्दसंग्रह कसा वाढवावा, या विषयावर बोलावे असे समितीने मला सांगितले. मी प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीत रिंग फ्रेमपुढे उभं राहून ज्याची उमर गेली असा कामगार आहे. शाळा नववीत सुटली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते राज्यात २००० साली सुरू झालं. म्हणजे इंग्रजीशी माझी शाळेतली ओळख जेमतेम पाच वर्षांची. बाकीचं जे आहे ते रात्रपाळी करून आल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन कमावलेलं आहे. तेव्हा व्याकरणाचा तास मी घेणार नाही. मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आपल्या विहारात रविवारी मुलं बसतात, त्यांच्या वह्या मी बघतो. वहीत मधोमध रेघ मारलेली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा शब्द. सरांनी विचारलं की पोपटासारखं म्हणून दाखवायचं. मेहनत आहे, नाही असं नाही. पण पुढच्या महिन्यात विचारा, दहातले आठ गेलेले असतात. आणि जे दोन राहतात तेही पुष्कळदा फसवतात.

एक उदाहरण घ्या. "सँक्शन" म्हणजे मंजुरी, असं एका मुलीनं लिहिलं होतं. बरोबर आहे. बँकेचं कर्ज सँक्शन होतं, घरकुल सँक्शन होतं. पण तीच मुलगी वर्तमानपत्र घेऊन आली आणि म्हणाली, काका, अमेरिकेनं एका देशावर सँक्शन लावले म्हणजे मंजुरी लावली का? तिथं त्याचा अर्थ निर्बंध. एकच शब्द, एका ठिकाणी दार उघडतो, दुसऱ्या ठिकाणी बंद करतो. दोन रकान्यांच्या वहीत हे मावत नाही.

किंवा "फाइन" घ्या. आमच्या गिरणीत फाइन म्हणजे बारीक सूत. शाळेत "हाऊ आर यू" म्हटलं की "आय ॲम फाइन". आणि हायवेवर हेल्मेट नसलं की पोलीस पावती फाडतो तीही फाइनच. बारीक, बरा आणि दंड! शब्दाचा अर्थ त्याच्या आजूबाजूच्या शब्दांत असतो. सुटा शब्द पाठ करणं म्हणजे सुटा स्पिंडल घरी नेऊन ठेवण्यासारखं आहे. सूत काही निघायचं नाही.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी करतो. शब्दाची व्याख्या सोप्या इंग्रजीत करायची, त्याचे भाऊबंद शोधून फरक ओळखायचा, आणि स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करायचं.

व्याख्येबद्दल आधी सांगतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच सांगायचा म्हटलं की आपली माणसं घाबरतात. पण हे काम फार थोड्या शब्दांत होतं. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होता. बंगाली मुलं इंग्रजी कशी वाचतात याचा त्यानं तिथं अभ्यास केला. पुढं १९३५ साली त्याचा शब्दकोश निघाला. त्यात सुमारे २४ हजार शब्द आणि वाक्प्रयोग समजावून सांगितले होते, आणि त्यासाठी वापरलेले शब्द होते फक्त १,४९०. म्हणजे हजार-दीड हजार सोपे शब्द पक्के झाले की बाकीच्या हजारोंचा अर्थ त्यांच्यातच सांगता येतो. परक्या देशातल्या शिकणाऱ्यांसाठी केलेला दुसरा नावाजलेला कोश हॉर्नबी या शिक्षकाचा. तो जपानात शिकवत होता. कोश आधी टोकियोत १९४२ साली छापला गेला, ऑक्सफर्डनं तो १९४८ साली काढला. म्हणजे हे कोश साहेबाच्या पोरासाठी केलेले नाहीत, तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीच केलेले आहेत. मराठी अर्थाची डिक्शनरी घरात असूच द्या, पण जोडीला असा एक कोश विहाराच्या कपाटात हवा.

आमच्या रविवारच्या वर्गात मी मुलांना घरातल्या वस्तूंची व्याख्या करायला लावतो. मराठी शब्द वापरायचा नाही, हातवारे करायचे नाहीत. एकदा भाकरी दिली. पाच मिनिटं सगळे गप्प. मग एक मुलगा म्हणाला, "इट इज अ राउंड, फ्लॅट ब्रेड." दुसरी म्हणाली, "वी मेक इट फ्रॉम ज्वारी फ्लोअर." तिसरा मागून ओरडला, "वी ईट इट एव्हरी डे!" झाली व्याख्या. राउंड, फ्लॅट, फ्लोअर हे तीन शब्द त्या दिवशी कायमचे त्यांचे झाले. मग चूल झाली, खुरपं झालं, डाळिंब झालं. (डाळिंबाला इंग्रजीत पॉमग्रॅनेट म्हणतात. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दाण्यांचं फळ असा आहे. आपल्या बाजारात पेट्या भरणाऱ्या पोरांना हे फार आवडलं.)

मी स्वतः गिरणीतले शब्द घेतले. "ट्रॅव्हलर" म्हणजे प्रवासी एवढं शाळेत शिकवलेलं. पण रिंग फ्रेमवर ट्रॅव्हलर म्हणजे रिंगवर गरगर फिरणारी तारेची बारकी कडी. तिच्यामुळं सुताला पीळ बसतो आणि सूत बॉबिनवर गुंडाळलं जातं. तीही बिचारी दिवसभर प्रवासच करते की! "काउंट" म्हणजे मोजणे. पण सुताचा काउंट म्हणजे ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात तो आकडा. म्हणून चाळीसचा काउंट वीसपेक्षा बारीक. मी वहीत लिहिलं : "काउंट इज अ नंबर. इट टेल्स हाऊ फाइन द यार्न इज." दोन वाक्यं. ती करायला मला अर्धी रात्र लागली, पण नंतर "टेल्स" आणि "टोल्ड" यांत मी कधी चुकलो नाही.

व्याख्या ही शाळेतली करमणूक आहे असं कोणी समजू नये. संविधानाचं ३६६ वं कलम उघडून बघा, ते अख्खं व्याख्यांचं आहे. अनुसूचित जाती म्हणजे कोण, हे तिथं सांगितलं आहे. "शेड्यूल" म्हणजे मुलांना गाडीचं वेळापत्रक वाटतं. कायद्यात तो शब्द जोडलेली यादी या अर्थानं येतो. म्हणून शेड्यूल्ड कास्ट, म्हणजे यादीत नाव असलेली जात. त्या यादीच्या १९५० च्या आदेशात एक अट होती : हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस यात धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख हा शब्द घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला आपल्या माणसांनी दीक्षा घेतली, आणि केंद्राच्या त्या यादीतून ती बाहेर पडली. "बुद्धिस्ट" हा एक शब्द त्या वाक्यात यायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! एका शब्दासाठी किती निवेदनं, किती मोर्चे, किती जणांच्या नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या गेल्या, हे इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

आता भाऊबंद शब्दांकडे येतो. शाळेत त्यांना समानार्थी म्हणतात. मला हे नाव पटत नाही. समान अर्थाचे दोन शब्द भाषा सहसा ठेवतच नाही. एका घरात एकाच कामाला दोन माणसं कोण ठेवील? शेजारी शब्द म्हणा हवं तर.

शेजारी शब्द एकत्र बांधून शिकायची रीत आपल्याकडं फार जुनी आहे. अमरकोश हा संस्कृतातला तसा कोश, आणि तो करणारा अमरसिंह बौद्ध होता असं परंपरा मानते. त्याच धर्तीवर बाराव्या शतकात सिंहलद्वीपात मोग्गल्लान नावाच्या भिक्खूंनी पालीत "अभिधानप्पदीपिका" रचली. इंग्रजांचा रोजेट, ज्याच्या कोशाला थिसॉरस म्हणतात, तो १८५२ चा. आणि बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश करायला घेतला होता. तो त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या व्यापात असलेला माणूस एकेक शब्द लावत बसला होता, हे तो खंड हातात घेतला की कळतं.

शेजारी शब्दांतला फरक कसा दाखवावा हेही त्यांच्याकडूनच शिकावं. "द बुद्धा अँड हिज धम्मा" मध्ये रिलिजन आणि धम्म हे दोन शब्द एकच आहेत असं त्यांनी चालू दिलं नाही. दोन्हींची व्याख्या केली, कुठं फरक पडतो ते मांडलं. करुणा आणि मैत्री यांचंही तसंच. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या प्राणिमात्रांना कवेत घेणारी, असा भेद त्यांनी केला. आपण वंदनेत दोन्ही शब्द एका दमात म्हणून मोकळे होतो.

आता रोजच्या कामातले चार शब्द घेऊ : बेग, रिक्वेस्ट, क्लेम, डिमांड. चौघांचा अर्थ मागणे. पण बेग म्हणजे पदर पसरून मागणे, रिक्वेस्ट म्हणजे विनंती, क्लेम म्हणजे माझं आहे म्हणून मागणे, आणि डिमांड म्हणजे दिलंच पाहिजे म्हणून मागणे. आपल्याकडं इंग्रजी अर्जाचा एक जुना साचा आहे, "आय बेग टू स्टेट दॅट". कोणी तरी साहेबाच्या काळात तो लिहिला आणि पिढ्यान् पिढ्या टायपिस्ट तोच मारत आले. केलेल्या कामाचा थकलेला पगार मागायचा, आणि सुरुवात बेगनं! मी माझ्या हातानं लिहिलेल्या अर्जातून हा शब्द काढून टाकला आहे. दाखला हवा असेल तर रिक्वेस्ट लिहा, विम्याचे पैसे असतील तर क्लेम लिहा, थकलेला पगार असेल तर डिमांड. सगळीकडं डिमांड लिहिणाराही चुकतो, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावं. तलाठ्याला उताऱ्यासाठी डिमांड लिहून काय उपयोग?

आणि आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे ते सांगतो. कामगाराच्या आयुष्यात काम जाण्याला इंग्रजीत किती तरी शब्द आहेत. ले-ऑफ, रिट्रेंचमेंट, क्लोजर, लॉक-आउट, डिसमिसल, रिझिग्नेशन. घरच्या बाईला सगळ्यांचा अर्थ एकच, उद्यापासून डबा भरायचा नाही. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात यांतल्या पहिल्या चार शब्दांच्या वेगवेगळ्या व्याख्या दिल्या होत्या, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही त्या दिलेल्या आहेत. वीज नाही, कापूस नाही, मशीन मोडलं, माल पडून आहे, म्हणून मालक काम देऊ शकत नाही तो ले-ऑफ. त्यात तुमचं नाव मस्टरवर राहतं, आणि अटीत बसणाऱ्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याचे ५० टक्के मिळतात. (पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेली पोरं ले-ऑफ म्हणतात तेव्हा नोकरी गेलेली असते. तो अमेरिकेतला अर्थ. गिरणीच्या नोटिशीवर तो लावू नका.) कामगार जास्त झाले म्हणून कायमचं कमी करणं म्हणजे रिट्रेंचमेंट. त्यात पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. आणि आपण होऊन सोडलं तर ते रिझिग्नेशन. त्यात ही भरपाई नाही.

एका गिरणीतली गोष्ट आहे, नाव घेत नाही. माझ्याबरोबर कार्डिंगला काम केलेला एक भाऊ, अठरा वर्षं नोकरी झालेली. खातं कमी करायचं ठरलं. ऑफिसात एकेकाला बोलावून टाइप केलेला कागद पुढं ठेवला, सही करा, हिशेब लगेच मिळेल म्हणाले. कागद चार ओळींचा, इंग्रजीत. त्यात एक शब्द होता, "व्हॉलंटरिली". त्याला व्हॉलंटिअर हा शब्द ठाऊक होता. जयंतीच्या मिरवणुकीत छातीवर बिल्ला लावलेला. त्याला वाटलं असेल काही तरी चांगलं. पुढचा शब्द होता "रिझाइन". तो त्यानं कुणाला विचारला नाही आणि कुणी सांगितला नाही. सही केली. अठरा गुणिले पंधरा, दोनशे सत्तर दिवसांचा पगार त्या दोन शब्दांत गेला. ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली, कारण १९७२ च्या त्या कायद्यात पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर राजीनामा दिला तरी ती मिळत होती. आम्ही नंतर युनियनच्या वकिलांकडं गेलो. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

त्या भावाला वाचता येत नव्हतं असं नाही. अक्षरं त्यानं वाचली होती. दोन शब्द ओळखीचेही वाटले होते. पण रिझाइन, रिटायर, रिलीव्ह, रिट्रेंच हे चार शेजारी त्याच्या डोक्यात कुणी एका रांगेत उभे केले नव्हते. रविवारच्या वर्गात आम्ही हे चार शब्द पहिल्याच महिन्यात घेतो. मुलं लहान आहेत, त्यांना काय करायचंय, असं काही पालक म्हणाले. मुलांनाच करायचंय, घरी आलेला इंग्रजी कागद बाप मुलीच्याच हातात देतो.

राहिली वाक्यं. इथं मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं कर्त्याच्या पाठोपाठ. आपण म्हणतो मला भूक लागली, मला ताप आला. जणू भूक आणि ताप आपणहून चालत आले. इंग्रजीत "आय ॲम हंग्री", "आय हॅव फीवर". माणूस पुढं. हे नियम पाठ करून येत नाही, वाक्यं करून येतं. जुन्या लोकांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली ती याचसाठी. मराठी वाक्याचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, रोज. आज ती पद्धत कुणी विचारत नाही, पण माझ्या मते तिच्याइतकी स्वस्त आणि मस्त दुसरी नाही.

ज्यांना पाठमाला मिळत नाही त्यांच्यासाठी घरातच पुस्तक आहे. "द बुद्धा अँड हिज धम्मा" १९५७ साली इंग्रजीत निघालं. त्यातली वाक्यं बहुतेक आखूड आहेत आणि परिच्छेदांना क्रमांक दिलेले आहेत. मराठी अनुवाद बहुतेक घरांत आहेच. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडा. मराठीतला एक क्रमांक वाचा, झाका, त्याचं इंग्रजी स्वतः लिहा, मग मूळ इंग्रजीशी ताडून बघा. रोज तीन क्रमांक पुरेत. आपण कुठं लांबण लावली आणि बाबासाहेबांनी तेच किती थोड्यात सांगितलं, ते लाल पेनानं आपल्याच वहीत दिसतं.

त्यानंतर स्वतःची वाक्यं. गाइडातली नकोत. "राम गोज टू स्कूल" लिहून कुणाचं भलं झालं? शब्द "डिले" असेल तर लिहा, "द पंढरपूर ट्रेन वॉज डिलेड ॲट मोडनिंब." शब्द "रिपेअर" असेल तर, "माय मदर रिपेअर्ड द स्टोव्ह हरसेल्फ." आपल्या गावातलं, आपल्या घरातलं वाक्य विसरत नाही. आणि तोच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा नव्या वाक्यात आणा. एकाच रात्री पन्नास वेळा लिहिण्यापेक्षा चार वेगळ्या दिवशी एकेकदा लिहिलेलं टिकतं, हे मी करून पाहिलं आहे. मोबाइल आहे, त्याचा उपयोग उच्चार ऐकायला जरूर करा. पण तो अर्थ इतक्या लवकर सांगतो की डोक्याला काम उरत नाही. आधी अंदाज वहीत लिहा, मग मोबाइल काढा.

एक शब्द पालकांसाठी. फी भरून इंग्रजी माध्यमात घातलं म्हणजे झालं, असं समजू नका. धाडधाड कविता म्हणणाऱ्या पण तिचा अर्थ मराठीतही सांगता न येणाऱ्या मुलांना मी रोज बघतो. मराठी पक्की असलेल्या मुलाला इंग्रजी लवकर येतं. आणि आयांनी मागं राहू नये. सावित्रीबाईंचा "काव्यफुले" हा संग्रह १८५४ चा. इंग्रजी शिका, असं त्यात बाईनं बायांना सांगितलं आहे. आमच्या वर्गाला सध्या तीन भगिनी मुलांबरोबर बसतात. त्यांतली एक अंगणवाडीचं काम करते. औषधांच्या खोक्यावरचे "एक्सपायरी" आणि "डोस" हे शब्द तिनं सगळ्यांना व्याख्येसकट समजावून दिले, माझ्यापेक्षा चांगले.

येत्या रविवारी सकाळी नऊला वर्ग आहे. प्रत्येकानं वही आणि घरातला एक इंग्रजी कागद घेऊन यावं. बँकेचं पत्र, विम्याची पॉलिसी, दवाखान्याचं कार्ड, खताच्या पोत्यावरचा छापील मजकूर, काहीही चालेल. ज्या शब्दाला अडलात त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून आणा. अर्थ घरी शोधू नका. तो तिथं सगळे मिळून लावू.